सोल्डरिंगनंतर सोल्डर मास्कचा रंग का बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीबी (इलेक्ट्रॉनिक घटक बसवायचे छापील सर्किट बोर्ड) जोडणाऱ्या कारखान्यांतून, दुरुस्तीच्या दुकानांतून आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते: ओव्हनमध्ये जाताना बोर्ड एका रंगाचा होता आणि बाहेर आला तो दुसऱ्याच रंगाचा. कुणी म्हणते बोर्ड करपला, कुणी म्हणते पांढरा पडला, तर कुणी नुसते डाग आले म्हणते. हे तिन्ही प्रकार एकमेकांपासून भिन्न आहेत, त्यांची कारणे निराळी आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसान वाढते. पुढील उत्तरे हा भेद समोर ठेवून लिहिली आहेत.

सोल्डर मास्क म्हणजे नेमके काय, आणि त्याचा रंग कशावर ठरतो?

बोर्डावरचा जो हिरवा थर आपण पाहतो तो रंग नसून राळेसारख्या पदार्थाचे कडक झालेले आवरण आहे. आज बहुतेक बोर्डांवर इपॉक्सी आणि अ‍ॅक्रिलेट यांच्या मिश्रणाची द्रव शाई वापरतात. ती बोर्डावर पसरून साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला अर्धवट सुकवतात, फिल्ममधून किंवा थेट अतिनील किरण टाकून हवा तेवढा भाग कडक करतात, उरलेला भाग सोडियम कार्बोनेटच्या सुमारे एक टक्का द्रावणाने धुऊन काढतात आणि शेवटी बहुधा १५० अंशांवर तासभर भाजून पक्का करतात. तयार थराची जाडी सामान्यतः १० ते २५ मायक्रॉनच्या आसपास असते, आणि ट्रॅकच्या (तांब्याच्या रेषांच्या) कडांवर ती आणखी कमी भरते.

या पारदर्शक आवरणात रंगद्रव्य मिसळलेले असते. हिरव्या शाईत परंपरेने थॅलोसायनिन जातीचे रंगद्रव्य असते आणि ते उष्णतेला चांगले टिकते. हॅलोजनमुक्त शाईत मात्र पुष्कळदा निळे आणि पिवळे रंगद्रव्य एकत्र करून हिरवा रंग साधलेला असतो, त्यामुळे दोन कंपन्यांचा हिरवा मास्क उष्णतेत एकसारखा वागेल असे गृहीत धरू नये. पांढऱ्या मास्कमध्ये टायटॅनियम डायॉक्साइड असते, काळ्यामध्ये बहुधा काजळीसारखा कार्बन.

डोळ्यांना दिसणारा रंग तीन गोष्टी मिळून बनतो: मास्कच्या पृष्ठभागाची चकाकी, मास्कमधले रंगद्रव्य व राळ, आणि मास्कखालचे तांबे किंवा फायबर (बोर्डाचा काचतंतूंचा पाया). म्हणूनच एकाच बोर्डावर तांब्यावरचा हिरवा गडद आणि रिकाम्या जागेवरचा हिरवा फिका दिसतो. सोल्डरिंगनंतर या तिन्हींपैकी काहीही बदलू शकते.

रंग बदललेला दिसला की सर्वांत आधी काय करावे?

बोर्ड धुवायला घेऊ नये. हा सल्ला प्रथम देण्याचे कारण असे की, घाईने ब्रश आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन बसलेला माणूस पुरावाच पुसून टाकतो, आणि नंतर मूळ दोष कोणता व धुण्याने उपजलेला कोणता हे सांगता येत नाही. आधी चांगल्या उजेडात फोटो काढावेत आणि न वापरलेला त्याच लॉटचा कोरा बोर्ड शेजारी ठेवावा. मग तीन शक्यतांपैकी आपली कोणती हे ठरवावे: बदल मास्कच्या वर आहे, मास्कच्या आत आहे की मास्कच्या खाली आहे.

वरचा बदल ओळखायला सोपा असतो. डागाच्या एका कोपऱ्यावर आयपीएचा एकच थेंब सोडावा. ओले असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तेथे फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावे म्हणून लावलेल्या रसायनाचा) अवशेष तरी आहे किंवा मास्कचा पृष्ठभाग तरी खडबडीत झाला आहे, कारण द्रवाने खाचा भरल्या की प्रकाश विखुरत नाही आणि खालचा मूळ रंग दिसतो. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसल्यावर डाग सरकला किंवा निघाला, तर तो अवशेषच होता. पुसूनही तसाच उरला, तर भिंगाखाली पृष्ठभाग पाहावा.

आतला बदल पुसून जात नाही आणि ओल्याने लपतही नाही. तो साधारणपणे पिवळसर किंवा तपकिरी छटेचा असतो, त्याची कड धूसर असते, आणि तो तांब्यावर व रिकाम्या फायबरवर सारखाच पसरलेला असतो. हा राळेचा उष्णतेने झालेला बदल होय.

खालचा बदल फक्त तांब्याच्या आकारात दिसतो. ट्रॅक, ग्राउंड प्लेन (तांब्याचा मोठा सलग भाग) काळपट किंवा लालसर होतात, पण त्यांच्यामधल्या पट्ट्या मूळ रंगाच्या राहतात. फोड आला असेल तर तोही खालच्याच बदलात मोडतो, मात्र तेथे रंग गेलेला नसतो; मास्क उचलला गेल्याने मध्ये हवा शिरलेली असते आणि म्हणून तो भाग फिका भासतो.

हे तीन प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात, आणि पुढचे जवळपास प्रत्येक उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे.

बोर्डावर पांढुरके डाग पडले आहेत. मास्क खराब झाला का?

बहुतेक वेळा मास्क शाबूत असतो आणि पांढरेपणा फ्लक्सचा असतो. पण हा विषय थोडा खोलात समजून घ्यावा, कारण सर्वांत जास्त चुकीचे उपाय याच ठिकाणी होतात.

राळयुक्त फ्लक्समध्ये मुख्यतः राळ (रोझिन; मास्कमधली राळ वेगळी), ती विरघळवणारा द्रावक आणि धातूवरचा गंज काढणारी आम्ले असतात. नो-क्लीन (न धुता चालणाऱ्या) प्रकारात अ‍ॅडिपिक किंवा सक्सिनिक आम्लासारखे सौम्य पदार्थ हे काम करतात. सोल्डरिंग ठीक झाले तर उरलेली राळ काचेसारखा पातळ थर करून या आम्लांना आपल्यात कोंडून ठेवते, आणि म्हणूनच तो अवशेष निरुपद्रवी मानला जातो. आता कुणी हा थर आयपीएने अर्धवट पुसला की राळ विरघळते, पण आम्ले आणि त्यांचे कथिलाशी झालेले क्षार तितके विरघळत नाहीत. द्रावक उडून गेला की ते पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे राहतात. म्हणजे जो बोर्ड न धुता सुरक्षित होता तो धुतल्यामुळे पांढरा झाला, आणि आता ती आम्ले उघड्यावर असल्याने पावसाळी दमट हवेत गळती प्रवाहाचा धोकाही वाढला.

नो-क्लीन फ्लक्स वापरून मग दिसायला छान हवे म्हणून बोर्ड ब्रशने घासायची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे, आणि ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. धुवायचे नसेल तर अजिबात हात लावू नये. धुवायचे असेल तर पूर्ण धुवावे. पूर्ण धुणे म्हणजे त्या फ्लक्ससाठी शिफारस केलेले क्लीनर, पुरेसा वेळ, स्वच्छ द्रवाने दुसरी धुलाई आणि नीट वाळवणे. दिवसभर एकाच डब्यातला आयपीए वापरला तर संध्याकाळच्या बोर्डांवर सकाळच्या बोर्डांचा फ्लक्स सर्वदूर पसरतो, आणि मग पांढरेपणा पॅडभोवती (सोल्डर लागण्यासाठी उघड्या ठेवलेल्या तांब्याभोवती) न राहता सगळ्या मास्कवर धुक्यासारखा दिसतो. असे धुके दिसले तर आधी डब्यातला द्रव तपासावा.

राळेचा पांढुरका थर ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. डागावर मंद गरम हवा काही क्षण फिरवावी. थर वितळून पारदर्शक झाला तर ती राळ होती. तसे न होता पांढरेपणा तसाच राहिला, तर क्षार किंवा मास्कचा स्वतःचा दोष शोधावा. ही फक्त ओळखण्याची चाचणी आहे, उपाय नव्हे.

पाण्यात विरघळणाऱ्या फ्लक्सचे नियम वेगळे आहेत. त्यातली सेंद्रिय आम्ले तीव्र असतात, त्यामुळे बोर्ड त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच, गरम व खनिजरहित पाण्याने धुतला पाहिजे. साधे नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरले तर पाण्यातले कॅल्शियमचे क्षार स्वतःच पांढरे डाग सोडतात, आणि मग दोष फ्लक्सला दिला जातो.

पॅडभोवती हिरवट-निळसर डाग आहेत. तो गंज समजावा का?

दोन शक्यता आहेत आणि दिसायला त्या जवळच्या आहेत. राळेतले अ‍ॅबिएटिक आम्ल तांब्याशी संयोग पावून हिरवे क्षार बनवते. ते चिकट, पारदर्शक असतात, राळेतच अडकलेले राहतात आणि वाढत नाहीत. दुसरीकडे क्लोराइडमुळे झालेला गंज अपारदर्शक, भुकटीसारखा असतो आणि दमट हवेत दिवसेंदिवस पसरतो. बोर्ड स्वच्छ धुऊन आठवडाभर दमट जागी ठेवावा. डाग परत आला तर तो गंज आहे, आणि फ्लक्स किंवा हाताळणी बदलल्याशिवाय थांबणार नाही. घामाच्या बोटांचे ठसेही क्लोराइडचा मोठा स्रोत आहेत. हातमोजे वापरण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

पूर्ण धुऊनही पांढरेपणा जात नाही. आता?

तर मग मास्क नीट पक्का झाला नव्हता अशी शंका घ्यावी. शेवटची भट्टी कमी तापमानाला किंवा कमी वेळ चालली, किंवा अतिनील किरणांची मात्रा अपुरी पडली, तर राळेचे जाळे अर्धवट बनते. असा मास्क दिसायला ठीक असतो, पण गरम फ्लक्स लागला की तो स्पंजासारखा थोडा शोषून घेतो, फुगतो आणि थंड झाल्यावर पांढुरका व निस्तेज होतो. सोल्डरचे बारीक गोळे किंवा जाळी मास्कला चिकटून राहिली असतील तर ही शंका बळावते.

तपासणी घरच्या घरी करता येते. त्याच लॉटच्या कोऱ्या बोर्डावर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेले पांढरे कापड दाबून काही वेळ घासावे. कापडावर मास्कचा रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर मास्क कच्चा आहे. पेन्सिलच्या टोकाने कडकपणा पाहण्याची पद्धतही प्रमाणित आहे. चांगल्या मास्कवर कठीण पेन्सिलनेही चरा पडत नाही.

काही वेळा पांढरी कड सोल्डरिंगच्या आधीपासूनच असते. इमर्शन टिन (कथिल) किंवा ईएनआयजी (निकेलवर सोने) या फिनिशची, म्हणजे पॅडवरच्या संरक्षक लेपांची, रासायनिक स्नाने गरम असतात, ईएनआयजीमधले निकेलचे स्नान तर ८० ते ९० अंशांच्या घरात चालते, आणि ती पॅडच्या कडेने मास्कखाली शिरून त्याला कुरतडतात. मग पॅडभोवती बारीक पांढरे वलय दिसते व सोल्डरिंगच्या उष्णतेने ते अधिक ठळक होते. म्हणूनच कोरा बोर्ड सांभाळून ठेवण्यावर इतका भर दिला आहे.

एलईडीचे पांढरे बोर्ड रिफ्लोनंतर (ओव्हनमध्ये सोल्डर पेस्ट वितळवल्यानंतर) पिवळसर का पडतात?

कारण पांढऱ्या मास्कमध्ये राळेचा पिवळेपणा लपवणारे काही नसते. टायटॅनियम डायॉक्साइड स्वतः या तापमानाला स्थिर आहे. पिवळी पडते ती राळ आणि तिच्यात उरलेले प्रकाशसंवेदी पदार्थ, ज्यांचे उष्णतेत हवेतल्या ऑक्सिजनमुळे रंगीत संयुगांत रूपांतर होते. तोच पिवळेपणा हिरव्या मास्कमध्येही तितकाच होतो, पण हिरव्यात पिवळा मिसळला की डोळ्याला जाणवत नाही.

पांढऱ्या मास्कची दुसरी अडचण त्याच्या घडणीतच आहे. पांढरे रंगद्रव्य अतिनील किरण अडवते आणि विखुरते, त्यामुळे थराच्या तळापर्यंत किरण पोहोचवायला जास्त मात्रा लागते. वरचा भाग कडक आणि तळ कच्चा राहिला तर तो पुढच्या प्रत्येक उष्णतेत रंग बदलत राहतो. वाईट म्हणजे, दिव्यात बसवल्यावर स्वतःच्या उष्णतेने व प्रकाशानेही तो आणखी पिवळा होतो, आणि परावर्तन घटल्याने दिव्याचा उजेड व रंगछटा दोन्ही बदलतात. म्हणजे येथे रंगबदल नुसता दिसण्यापुरता राहत नाही. दिव्याच्या कामावरच परिणाम होतो, आणि इतर बोर्डांवर चालणारी सवलत एलईडीच्या बोर्डांना देता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या बोर्डांवर एक चूक मी स्वतः पाहिली आहे. धातूचा तळ उष्णता खेचून घेतो, सोल्डर वेळेवर वितळत नाही, म्हणून ऑपरेटरने कन्व्हेयरचा वेग कमी केला. सांधे छान झाले, पण बोर्ड तापलेल्या भागात जवळपास दुप्पट वेळ राहिला आणि सगळे पॅनल साय धरलेल्या दुधाच्या रंगाचे निघाले. वेग पूर्ववत करून आधीच्या टप्प्यांत खालून जास्त उष्णता दिली, म्हणजे बोर्ड शिखराआधीच (सर्वोच्च तापमानाआधीच) सारखा तापला, तेव्हा शिखराचे तापमान आणि त्यावरचा वेळ दोन्ही कमी करता आले. पिवळेपणा वेळ आणि तापमान यांच्या बेरजेवर चालतो, एकट्या शिखरावर नाही, हे त्यातून ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याशिवाय नायट्रोजनयुक्त ओव्हनने पिवळेपणा स्पष्टपणे कमी होतो, कारण ऑक्सिजनच हटवला जातो. कथिल-बिस्मथची १३८ अंशांना वितळणारी पेस्ट वापरावी का, असेही विचारले जाते. ती बोर्डाला सौम्य आहे, पण सांधा ठिसूळ असतो आणि स्वतः तापणाऱ्या एलईडीखाली ती निवडताना फार विचार करावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे पिवळेपणाला प्रतिकार करणारी उच्च परावर्तनाची पांढरी शाई बोर्ड मागवतानाच निश्चित करणे आणि तिच्या माहितीपत्रकात रिफ्लोच्या किती फेऱ्यांनंतरची आकडेवारी दिली आहे ते पाहणे.

हिरवा मास्क फक्त ट्रॅक आणि ग्राउंडवर काळपट झाला आहे. हे कशामुळे?

मास्कखालच्या तांब्याचे ऑक्सिडीकरण झाले आहे. मास्क लावण्याआधी तांबे घासून, रसायनाने स्वच्छ करून लगेच वाळवावे लागते; त्यात दिरंगाई झाली किंवा ओलावा राहिला तर ऑक्साइडचा पातळ थर मास्कखाली अडकतो आणि सोल्डरिंगच्या उष्णतेत गडद होतो. स्वच्छ तांब्यावरही वारंवार तापवण्याने थोडा काळपटपणा येतो, कारण मास्क ऑक्सिजनला पूर्णपणे अडवत नाही. सगळीकडे एकसारखा, सौम्य आणि चिकटपणा शाबूत असेल तर काळजी नको. काळपटपणा ठिपक्यांत किंवा बोटांच्या ठशांच्या आकारात असेल तर तांबे मळके असताना मास्क लावला गेला आहे. अशा जागी चिकटपट्टीची चाचणी करावी: पट्टी दाबून लावावी, झटक्यात ओढावी आणि मास्कचे कण निघतात का ते पाहावे.

शिसेविरहित सोल्डर वापरायला लागल्यापासून हा त्रास वाढला आहे का?

वाढलेला असणे स्वाभाविक आहे. कथिल-शिशाचे ६३/३७ मिश्रण १८३ अंशांना वितळते आणि त्याच्या रिफ्लोचे शिखर साधारण २०५ ते २२५ अंश असते. एसएसी३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे, २१७ ते २२० अंशांत वितळते आणि त्याचे शिखर २३५ ते २५० अंशांपर्यंत न्यावे लागते. युरोपात १ जुलै २००६ पासून आणि भारतात ई-कचरा नियमांतील तरतुदींनुसार १ मे २०१४ पासून ठरावीक उपकरणांत शिशावर मर्यादा आली, आणि जुन्या तापमानासाठी निवडलेल्या शाया नव्या तापमानात उघड्या पडल्या.

पण शिसेविरहित आहे म्हणून रंग जाणारच, हे मान्य करण्याचे कारण नाही. ओव्हनच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो, बोर्डाचा नाही. बोर्डावर किमान तीन ठिकाणी, म्हणजे सर्वांत जड घटकाजवळ, मोकळ्या कोपऱ्यावर आणि मध्यावर, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून प्रत्यक्ष आलेख घ्यावा. जड कनेक्टरचा सांधा व्हावा म्हणून तापमान वाढवले जाते आणि मोकळा कोपरा त्याच वेळी २६० अंशांच्या पुढे जातो, हे अशा आलेखातच दिसते. द्रवबिंदूच्या (सोल्डर पूर्ण वितळण्याच्या तापमानाच्या) वरचा वेळ ६० ते ९० सेकंदांच्या आत ठेवणे पुष्कळ पेस्टना पुरते. दोन्ही बाजूंचा बोर्ड असेल तर सगळा बोर्ड ओव्हनमधून दोनदा जातो आणि दोन्ही बाजूंचा मास्क दोनदा भाजला जातो, म्हणून रंगाचा विचार दोन्ही फेऱ्या धरून करावा.

वेव्ह सोल्डरिंगनंतर (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेल्यानंतर) खालच्या बाजूला पट्टे किंवा नकाशासारखे डाग येतात.

हे जवळजवळ नेहमी फ्लक्सच्या फवाऱ्याचे प्रकरण असते. फवारा जास्त बसला आणि पूर्वतापनात द्रावक पुरता उडाला नाही, तर लाटेच्या स्पर्शाने फ्लक्स बाजूला ढकलला जाऊन सुकतो व त्याच्या कडा डागासारख्या उमटतात. पॅलेट (बोर्ड धरणारा साचा) वापरत असाल तर पॅलेटच्या खाचेत साचलेला फ्लक्स लाटेला लागतच नाही, तो अर्धवट तापलेला आणि म्हणून सक्रिय राहतो. असा डाग दिसण्यापेक्षा गुणाने अधिक वाईट. फ्लक्सचे प्रमाण तपासावे, पॅलेट धुवावेत, आणि सोल्डरच्या भांड्याचे तापमान विनाकारण २६५ अंशांपुढे नेऊ नये.

हॉट एअरने आयसी काढताना आजूबाजूचा मास्क तपकिरी झाला. बोर्ड टाकून द्यावा का?

लगेच नाही. नोझलमधून ३५० ते ४०० अंशांची हवा निघते, आणि एका जागी धरली तर मास्क त्याच्या सोसण्याच्या मर्यादेबाहेर जातो. फिकट तपकिरी छटा, पण पृष्ठभाग गुळगुळीत आणि नखाने न खरवडणारा, असे असेल तर बोर्ड वापरता येतो. मास्क खडबडीत होऊन फुगला असेल, त्यातून फायबरचे विणकाम दिसत असेल किंवा काळा कोळसा झाला असेल, तर खालचे फायबरही बाधित झाले आहे. कोळसा वीज वाहतो, म्हणून मुख्य वीजपुरवठ्याच्या भागात असा डाग कधीही सोडू नये.

पुढच्या वेळी बोर्ड खालून १०० ते १५० अंशांपर्यंत आधी तापवावा, मग वरून कमी तापमानाची हवा पुरते. सोल्डरिंग आयर्नच्या बाबतीतही हाच न्याय आहे: टोक बारीक असले की लोक तापमान वाढवतात, खरे तर टोक जाड घ्यायला हवे.

पावसाळ्यात बोर्डावर फोड येतात, इतर वेळी येत नाहीत. संबंध आहे का?

थेट संबंध आहे. फायबर आणि मास्क दोन्ही हवेतला ओलावा धरतात, आणि रिफ्लोमध्ये त्या ओलाव्याची वाफ होऊन ती मास्कला उचलते. कोकणपट्टीत, मुंबईत आणि गोव्यात जून ते सप्टेंबरमध्ये पिशवी फाडून उघडे ठेवलेले बोर्ड काही दिवसांत पुरेसे ओले होतात. बोर्ड बंद पिशवीत, सिलिका जेलसह ठेवावेत. ओलाव्याची शंका असेल तर साधारण १०५ ते १२० अंशांवर काही तास भाजून लगेच वापरावेत. मात्र ओएसपी (तांब्यावरचा पातळ सेंद्रिय लेप) फिनिश असेल तर भाजण्याने ते फिनिशच बिघडते आणि पॅड सोल्डर धरत नाही. तेथे ओलावा येऊ न देणे हाच उपाय. पांढरा मास्क भाजण्यानेही पिवळसर होऊ शकतो, म्हणून सवय म्हणून सरसकट भाजू नये.

निळा, काळा, लाल मास्क अधिक नाजूक असतो का?

निळ्यात राळेचा पिवळेपणा मिसळून हिरवट छटा येते. काळा रंग बदल लपवतो, पण तो अतिनील किरण शोषून घेतो, त्यामुळे पांढऱ्याप्रमाणेच तळ कच्चा राहण्याची शक्यता त्यातही असते. शिवाय ओरखडे आणि फ्लक्सचा पांढरेपणा काळ्यावर सर्वांत ठळक दिसतो. कामाला रंगाचे बंधन नसेल तर हिरवाच घ्यावा.

तपासणीत असा बोर्ड नाकारायचा की स्वीकारायचा?

जोडलेल्या बोर्डांच्या स्वीकार्यतेसाठी जगभर वापरले जाणारे आयपीसी-ए-६१० हे मानक मास्कच्या निव्वळ रंगबदलाला उत्पादनांच्या तिन्ही वर्गांत स्वीकार्य मानते. ज्यांना बोर्ड परत पाठवण्याची घाई असते त्यांनी हे आधी वाचावे. तेच मानक मास्क भुकटीसारखा पांढुरका होऊन मोडला असेल किंवा त्यात सोल्डरचे कण शिरले असतील तर तो दोष ठरवते, आणि पृष्ठभागाला इजा करणारा करपल्याचा डागही दोषच. मास्कच्या शाईची स्वतःची पात्रता आयपीसी-एसएम-८४० मध्ये, टी आणि एच (उच्च विश्वासार्हता) यांसारख्या वर्गांत दिली आहे.

मात्र ग्राहकाशी दिसण्याबद्दल वेगळा करार असेल तर तोच लागू होतो. अशा वेळी कोणती छटा चालेल हे दोघांनी सही केलेल्या नमुना बोर्डावर ठरवावे. फोनवरच्या फोटोवर ठरवू नये, कारण प्रत्येक फोन पांढरा रंग आपल्या पद्धतीने दाखवतो.

दोष बोर्ड बनवणाऱ्याचा की जोडणाऱ्याचा, हे कसे ठरवायचे?

या प्रश्नावर दोन्ही पक्षांत महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो, आणि तो बहुतेक वेळा चार बोर्डांत मिटू शकतो. त्याच लॉटचे चार कोरे बोर्ड घ्यावेत. पहिला तसाच बाजूला ठेवावा. दुसरा पेस्ट, फ्लक्स, घटक काहीही न लावता रोजच्याच प्रोफाइलने (ठरलेल्या तापमान-वेळेच्या क्रमाने) ओव्हनमधून काढावा. तिसऱ्यावर फक्त फ्लक्स लावून तोच प्रवास घडवावा. चौथा नेहमीसारखा पूर्ण जोडावा.

प्रत्यक्ष आलेखानुसार तापमान मर्यादेत असूनही दुसऱ्याचा रंग बदलला, तर मास्क किंवा त्याखालचे तांबे यांत उणीव आहे आणि बोर्ड बनवणाऱ्याकडे जावे. दुसरा ठीक पण तिसरा पांढरा झाला, तर फ्लक्स आणि मास्क यांचे जमत नाही. अशा वेळी अ‍ॅसिटोनच्या चाचणीने मास्क कच्चा आहे का ते पाहावे, पक्का निघाला तर फ्लक्स बदलावा. तिन्ही ठीक आणि फक्त चौथा बिघडला, तर कारण आपल्याच धुण्यात, हाताळणीत किंवा टच-अपमध्ये (हाताने केलेल्या दुरुस्तीत) आहे. ही शेवटची शक्यता मान्य करायला जड जाते, पण ती वारंवार खरी निघते.

बोर्ड बनवणाऱ्याकडे मागणी करायची असेल तर भट्टीची नोंद आणि २८८ अंशांच्या वितळलेल्या सोल्डरवर १० सेकंद तरंगवलेल्या नमुन्याचा निकाल मागावा. ही उष्णताघाताची प्रमाणित चाचणी आहे आणि व्यवस्थित कारखान्याला ती दाखवायला अडचण येत नाही.

बदललेला रंग परत आणता येतो का?

फ्लक्सचा असेल तर योग्य क्लीनरने येतो. राळेचा पिवळेपणा आणि तांब्याचा काळेपणा परत जात नाही. काही जण वरून हिरवा वार्निश किंवा मार्कर फिरवतात. तसे करू नये, कारण खाली अडकलेला फ्लक्स व ओलावा त्यामुळे कायमचा बंदिस्त होतो. तांबे उघडे पडले असेल तरच तो भाग स्वच्छ करून, वाळवून, दुरुस्तीसाठी मिळणारा अतिनील किरणांनी कडक होणारा मास्क पातळ लावावा आणि दिव्याखाली पूर्ण कडक करावा. बोर्डावर नंतर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून राखणारा पातळ लेप) करायचे असेल तर अगोदर एका बोर्डावर चिकटण्याची चाचणी घ्यावी. कच्च्या मास्कवर किंवा फ्लक्सच्या थरावर कोटिंग धरत नाही आणि काही दिवसांत पापुद्र्यासारखे सुटते.

पुढचा लॉट मागवताना काय लिहून द्यावे?

मास्कच्या शाईचा प्रकार व रंगसंकेत, आयपीसी-एसएम-८४० चा वर्ग, बोर्ड रिफ्लोच्या किती फेऱ्यांतून जाणार आहे, शिखराचे तापमान, आणि तुम्ही धुणार आहात की नाही. सोबत प्रत्येक लॉटचे चार कोरे बोर्ड वेगळे, बंद पिशवीत, लॉट क्रमांक घालून मागावेत, आणि ते आल्यावर तसेच जपून ठेवावेत.